निळीची चुलत बहीण



गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी सिडनीला आली होती. गणपतीच्या आदल्या दिवशी पत्रीला काही मिळतंय का बघायला मागच्या अंगणात गेली आणि कुंपणाजवळच्या एका झुडपापाशी थबकली. "अरे, ही उन्हाळी इथे कुणी लावली?"

आई नगरकडची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) बांधावर, पडीक रानात वाढणारी उन्हाळी, म्हणजे वैद्यांची शरपुंखा, तिने लहानपणापासून पाहिलेली. तिची चूक नव्हती. तशीच निळसर झाक असलेली बारीक पानं, दोन्हीकडे जोडीजोडीने लागलेली. तसेच जांभळट गुलाबी फुलांचे तुरे, फूल वाटाण्याच्या घाटाचं, मागाहून येणाऱ्या बारीक शेंगा. फक्त ही माझ्या खांद्याएवढी उंच.

मी म्हणालो, "उन्हाळी नव्हे गं. ही निळीची चुलत बहीण. इथलीच."

"नीळ म्हणजे धोतराला घालायची?"

तिला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की हे एका वाक्यात सांगून होणारं नाही. म्हणून हा लेखप्रपंच. वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही, मी साधा कोड लिहिणारा माणूस आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

आधी धोतराच्या निळीचं. आपल्या लहानपणी कपडे धुतल्यावर बादलीत जी नीळ टाकायचे ती झाडाची नव्हेच. ती अल्ट्रामरीन नावाची कारखान्यातली भुकटी. खरी नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया या झुडपाच्या पानांतून निघणारा रंग. मराठीत त्या झाडाला गुळीही म्हणत. तिचे रांजण सांभाळणारा, सूत त्यात बुडवून काढणारा निराळी समाज महाराष्ट्रात होता, आणि लहानपणीच्या गोष्टीतला निळा झालेला कोल्हा पडला तो असल्याच रांजणात.

गंमत अशी की पानात निळा रंग नसतो. असतो तो इंडिकन नावाचा बिनरंगी पदार्थ. पानं पाण्यात आंबवली की तो सुटतो, मग ते पाणी घुसळून हवा दिली की निळा गाळ खाली बसतो. तो आटवून, दाबून, वड्या पाडायच्या. ग्रीकांनी हा रंग हिंदुस्थानातून येतो म्हणून त्याला 'इंडिकॉन' म्हटलं, त्याचं पुढे इंडिगो झालं. म्हणजे रंगाच्या नावातच आपला देश आहे.

या इंडिगोफेरा कुळात जगभर सातशेच्या वर जाती आहेत. त्यातली एक माझ्या कुंपणाशी उभी आहे. तिचं नाव इंडिगोफेरा ऑस्ट्रॅलिस. हे नाव १८०२ मध्ये कार्ल लुडविग विल्डेनोव्ह या बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने छापलं. हा गृहस्थ या खंडावर कधी आला नाही. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून नावं पाडण्याचा तो काळ. ऑस्ट्रॅलिस म्हणजे नुसतं 'दक्षिणेकडची'. तेव्हा या खंडाला ऑस्ट्रेलिया हे नाव रूढ व्हायचं होतं. पण आज ते नाव वाचताना एका झुडपाच्या नावात माझे दोन्ही देश शेजारी शेजारी दिसतात, आणि मी ते झाड विकत घेण्याचं खरं कारण, प्रामाणिकपणे सांगायचं तर, एवढंच होतं. बाकीचं नंतर वाचलं.

दोन बहिणींचं नशीब मात्र फार वेगळं निघालं.

थोरलीचं आपण शाळेत शिकलो आहोत. अमेरिकन वसाहती हातच्या गेल्यावर कॅरोलिनातली नीळ ब्रिटिशांना मिळेना, तेव्हा कंपनीने बंगालवर जोर दिला. आगाऊ पैसे घ्यायचे, भाताच्या जमिनीत नीळ लावायची, आणि ते कर्ज बापाकडून मुलाकडे जायचं. १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरायला सरळ नकार दिला. १८६० मध्ये दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' हे नाटक आलं. त्याचा इंग्रजी अनुवाद छापल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग या पाद्र्याला १८६१ मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. बिहारात चंपारणला तर वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती, त्यालाच तीनकठिया म्हणत. खरं तर तोवर निळीचा धंदा मेला होता. जर्मनीत बायरने १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ केली, १८९७ पासून बीएएसएफ ती बाजारात विकू लागली. नीळ नको असेल तर मोबदला म्हणून सारा वाढवून द्या, असा मळेवाल्यांचा हिशोब. पुढे महायुद्धात जर्मन रंग बंद झाला आणि थोडी धुगधुगी आली. त्यातच १९१७ साली गांधीजी चंपारणला पोचले, १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली.

आता धाकटी. तिला कुणी कामाला जुंपलं नाही. तिच्या पानांतही इंडिकन आहे, पण कमी. हल्ली इथले हौशी रंगारी ताज्या पानांतून निळा काढतात, पण त्यावर मळा उभा राहिला नाही. तिच्या कपाळी वेगळंच होतं. तिच्याखालची जमीनच गेली.

सिडनीच्या पश्चिमेला चिकणमातीचं सखल पठार आहे, कंबरलँड प्लेन. पॅरामॅटा, ब्लॅकटाउन, पेनरिथ, कॅम्डेन, सगळं त्यातच. आपल्यापैकी निम्मी मंडळी इथेच राहतात. १७८८ मध्ये ब्रिटिश आले तेव्हा इथे लांब लांब उभे निलगिरी वृक्ष होते (नाव बघा, ऑस्ट्रेलियाच्या झाडाला आपण आपल्या डोंगराचं नाव देऊन बसलो!), खाली गवत आणि त्यात अधूनमधून असली झुडपं. आलेल्या गोऱ्यांना ते इंग्लंडमधल्या जमीनदाराच्या बागेसारखं वाटलं आणि त्यांनी ते निसर्गाचं देणं समजलं. ते निसर्गाचं नव्हतं. दारुग लोक ठराविक वेळी, ठराविक जागी, थोडा थोडा जाळ लावून हे रान तसं राखत होते. झुडपाचा उपयोगही ते लोक जाणत होते. या निळीची मुळं ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगीत वर येतात, हे या खंडावरच्या मूळच्या लोकांचं जुनं ज्ञान. आपल्याकडे उन्हाळीचाही मासे गुंगवायला तसाच उपयोग होतो हे वाचलं तेव्हा आईची 'चूक' मला आणखीच आवडली.

ज्यांनी हॅरिस पार्कच्या विग्रॅम स्ट्रीटवर डोसा खाल्ला आहे त्यांनी एकदा पाच मिनिटं चालून रूज स्ट्रीटवर जावं. तिथे एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज नावाचं जुनं बैठं घर आहे. सगळी गोष्ट त्या जागेवर सुरू होते. वसाहत उपाशी होती. एकट्या माणसाला इथे शेती करून पोट भरता येतं का हे बघायला गव्हर्नर फिलिपने १७८९ मध्ये जेम्स रूज या शिक्षा भोगून झालेल्या कैद्याला थोडी जमीन दिली. तो कॉर्नवॉलचा शेतकरी. त्याने झाडं पाडून जाळली, राख जमिनीत मिसळली, गवताची ढेकळं उलटी घालून कुजवली. प्रयोग जमला आणि त्याला तीस एकर मिळाले. चिकाटीचा माणूस, मला तो आवडतो. पण कंबरलँड प्लेनच्या साफसफाईची कृतीही तीच.

(थोडं अवांतर. रूजची शेती एका वसाहतीला पुरणारी नव्हतीच. म्हणून 'अटलांटिक' हे जहाज कलकत्त्याला धाडलं. जून १७९२ मध्ये ते परत आलं ते तांदूळ, डाळ आणि सोजी घेऊन. म्हणजे सिडनीतलं पहिलं वरणभाताचं सामान आपल्या कुणाच्याही व्हिसाच्या दोनशे वर्षं आधीचं. गोऱ्या कैद्यांना मात्र त्याचं करायचं काय हे उमजेना.)

१७९३ मध्ये रूजने ती जमीन चाळीस पौंडांना जॉन हॅरिस या सैन्याच्या डॉक्टरला विकली. हॅरिस पार्क ते याचंच. याने हिंदुस्थानातले चितळ हौसेने आणून पाळले, १८१३ पर्यंत ते चारशेच्या आसपास झाले होते. कळप पुढे टिकला नाही, पण चारशे चितळांनी झुडपांचं काय केलं असेल ते आपल्या मेळघाटातल्या मंडळींना सांगायला नको.

ज्यांची जमीन होती ते गप्प बसले नव्हते. पेमुलवुय नावाच्या बिजिगल योद्ध्याने १७९० पासून बारा वर्षं वसाहतीला झुंजवलं. १७९७ मध्ये त्याने शेतं जाळत पॅरामॅटापर्यंत धडक दिली, गोळ्या लागून पडला, पकडला गेला, आणि बेडी पायात असताना निसटला. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. गव्हर्नर किंगने त्याचं शिर मद्यार्कात बुडवून लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवलं. बँक्स म्हणजे तेच, ज्यांच्याकडे इथून वाळलेली झाडं, बिया, प्राण्यांची कातडी जायची. ते शिर आजही सापडलेलं नाही.

ज्या वर्षी बर्लिनमध्ये माझ्या झुडपाला नाव मिळालं, त्याच वर्षी हे झालं. दोन्हींचा आपसात संबंध नाही. पण १८०२ हा आकडा मी आता नुसता वाचू शकत नाही.

पुढची दीडशे वर्षं गहू, मेंढ्या, गाईंची कुरणं, विटांच्या भट्ट्या. त्यानंतर घरं. आज कंबरलँड प्लेनवरच्या मूळ रानाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे, तोही तुकड्यातुकड्यांत, हायवेच्या कडेला, स्मशानाशेजारी, क्रिकेटच्या मैदानामागे. २००९ मध्ये हे रान अतिधोक्यात असलेल्या यादीत गेलं. आणि आमचं चार बेडरूमचं, दुहेरी गॅरेजचं घर? ते याच पठारावर आहे. आमच्या एस्टेटच्या माहितीपत्रकात झाडांचे फोटो होते. ताबा घ्यायला गेलो तेव्हा एकही झाड नव्हतं, सगळी पिवळी माती. हे मी कुणावर ढकलत नाही. हप्ते मीच भरतो.

जाळ लावणारे हात गेले, तशी दुसरी गोष्ट झाली. बाहेरून आलेल्या झाडांनी उरलेल्या तुकड्यांचाही घास घ्यायला सुरुवात केली. एक आफ्रिकन ऑलिव्ह, आणि दुसरी आपली जुनी ओळखीची घाणेरी. हो, तीच टणटणी, जिने सह्याद्रीतले माळ खाल्ले. ती इथे १८४० च्या सुमारास बागेत शोभेसाठी आली. दोन देशांत वैरी एकच.

घाणेरी काढायची कशी यावर जगाला धडा दिला तो सिडनीच्या मॉस्मन भागातल्या दोन बहिणींनी. जोन आणि आयलीन ब्रॅडली. १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात फिरायला जाताना त्यांनी पाहिलं, की सगळं तण एकदम भुईसपाट केलं तर उघड्या मातीत पुन्हा तणच दुप्पट येतं. म्हणून त्यांनी उलटं सुरू केलं. जिथे देशी झाडं धडधाकट आहेत तिथून आरंभ करायचा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि देशी रोपं जेवढ्या वेगाने परत येतील तेवढ्याच वेगाने तण काढायचं, त्यापुढे नाही. बस, तीन नियम. आयटीवाल्यांना हे पटेल. जुनी सिस्टिम चालू ठेवत एकेक मॉड्यूल बदलायचं, सगळं पाडून नव्याने लिहायला बसायचं नाही. मॅनेजरला मात्र दोन्हीकडे घाईच असते. आयलीन १९७६ मध्ये गेली, जोन १९८२ मध्ये. जोनचं पुस्तक ती गेल्यावर, १९८८ मध्ये निघालं. आज देशभर हजारो स्वयंसेवक त्यांच्या पद्धतीने गुडघ्यावर बसून तण उपटतात.

जिथे मूळ काही उरलंच नाही तिथे मात्र लावावंच लागतं. १९८६ मध्ये व्हिक्टोरियात मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघटनेच्या अध्यक्षा हेदर मिचेल यांनी लँडकेअर सुरू केलं. १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी ते देशाचं केलं आणि एक अब्ज झाडांचा संकल्प सोडला. शेतकरी आणि पर्यावरणवाले एका टेबलावर बसले हे त्यातलं विशेष. आपल्याकडे त्याच दशकात सामाजिक वनीकरणात कोकणातले उघडे डोंगर हिरवे केले, कशाने? ऑस्ट्रेलियन बाभळीने! गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून तर ती जगली. मी सुट्टीत गावी जाताना बसमधून ते डोंगर बघून खूष व्हायचो. ज्या देशाचं झाड, तो देश तेव्हा 'जिथलं झाड तिथेच' हे शिकत होता.

तर पुनर्रोपणात आमच्या या झुडपाला मान आहे. मोठी झाडं लावून रान होत नाही, मधला थर लागतो. ही शेंगवर्गातली असल्याने मुळांवरच्या गाठींत नत्र धरते, म्हणून हलक्या जमिनीतही तग धरते. लवकर वाढते, छोटे पक्षी आत लपतात. फुलांवर येणारं एक बारीक निळं फुलपाखरू तर महाराष्ट्रातही तुरी-वाटाण्यावर असतंच. गुरंढोरं असतील तर मात्र जपून. तिच्या एका आखूड बहिणीने, जिला आपण भुईगुळी म्हणतो, इथल्या उत्तरेकडे घोडे मारले आहेत, आणि तसल्या घोड्यांचं मांस खाऊन कुत्रीही मेली आहेत.

लावायची कशी? मी पहिल्या वर्षी बी मेथीसारखं पेरलं. तीन महिने रोज पाणी. काहीही नाही. मग एका रविवारी आमच्या खाडीकाठच्या गटात गेलो, तिथल्या सत्तरीच्या बाईंनी विचारलं, "उकळतं पाणी ओतलं होतंस का?" मी हादरलो. बी मरणार नाही का? नाही. कवच इतकं कठीण की पाणी आत शिरत नाही, असं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि आग येऊन गेली की उगवतं. जाळाची जागा आपण किटलीने भरून काढायची. उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेल्याला पुन्हा तेच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय, गणंग राहिलेल्या मटकीला मोड आणायचाच प्रकार."

रोप शरद ऋतूत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जमिनीत घालावं. अर्धी सावली, पाणी साचणार नाही अशी जागा. आमच्या चिकणमातीत थोडा उंचवटा केला तर बरं. पहिला उन्हाळा पाणी द्या, नंतर विसरलात तरी चालेल. फुलं गणपती-नवरात्रात. ती गेली की एक तृतीयांश छाटा, नाहीतर झुडूप लांबट आणि विरळ होतं. माझं पहिलं झालं.

आईने त्या दिवशी एक तुरा तोडून पत्रीत ठेवला. एकवीसात बसतो का, असं मी विचारलं. "इथे आघाडा कुठून आणू?" म्हणाली, आणि विषय संपला.

डिसेंबरात शेंगा वाळून तपकिरी झाल्या. मी मूठभर बी काढून मोठ्या उत्साहाने त्या बाईंकडे नेलं, खाडीकाठी लावायला. त्यांनी बी हातावर घेतलं, बघितलं, आणि परत माझ्या पुडीत घातलं. झाड कुठून आणलंस? दुकानातून. त्याचं मूळ बी कुठलं? दुकानाला माहीत नाही. मग खाडीकाठी चालणार नाही. ही जात पश्चिम ऑस्ट्रेलियापासून टास्मानियापर्यंत वाढते आणि प्रत्येक ठिकाणची थोडी वेगळी. रानात लावायचं बी त्याच पठारावरच्या झाडाचं, परवानगी घेऊन गोळा केलेलं लागतं. बागेत लाव हवं तेवढं, म्हणाल्या, आणि मला विळा देऊन घाणेरीकडे पाठवलं.

ते बी आता स्वयंपाकघरात मोहरीच्या बरणीशेजारी आहे. सिडनीतल्या ज्यांना बागेसाठी हवं असेल त्यांनी कळवा. भारतात किंवा दुसऱ्या देशात पाठवणार नाही, कायदे कडक आहेत आणि घाणेरीची आठवण ताजी आहे. फुगलेलं बी पेरल्यावर दोन-तीन आठवडे धीर धरा.